दोन बाण, टोकाला टोक

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा जेवणाचा डबा उलटा केला. अगदी पालथा नाही, पण पोळ्यांचा वरचा कप्पा उचलला आणि खालचा तिरपा करून बूड पाहिलं. आत गवारीची पातळ भाजी होती. ती माझ्या नव्या साडीवर ओघळली. त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं.

“मॅडम, हा डबा तुमचा नाई.”

“म्हणजे?”

“बुडाले नाव दुसऱ्याच बाईचं हाये. पत्ता अंबापेठ, अमरावती. तुमच्याकडं कसा आला?”

कसा आला ते मला काय ठाऊक? असे डबे कुणाच्या घरात नसतात? कुणाच्या डोहाळजेवणाला आपला जातो, कुणाच्या बारशाहून दुसऱ्याचा येतो, बुडावरचं नाव कोण वाचत बसतं? मी तसं म्हटलंही, जरा तिखटच. साडी बिघडली होती. पण दुसऱ्या दिवशी डबा उघडायच्या आत ते टेबलाशी हजर. “मालकिणीचा पत्ता लागला काय?” तिसऱ्या दिवशीही तेच. दिवाळीत माहेरी अमरावतीला गेले तेव्हा वैतागून मी तो डबा अंबापेठेत घरोघरी विचारत नेऊन दिला. त्या बाईंनी आत जाऊन एक परात आणली. तिच्यावर माझ्या आईचं नाव होतं. सुट्टी संपवून आल्यावर मी हे सांगितलं, तर ते नुसतेच म्हणाले, “बरं झालं, सुटला,” आणि तासाला निघून गेले.

आमच्या अकोल्याच्या कॉलेजात ते भूगोल शिकवायचे आणि एनसीसी सांभाळायचे. सगळे त्यांना बाणवाले सर म्हणत. उंच, वाळके, मिशीची दोन्ही टोकं वेगवेगळ्या दिशेला गेलेली. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांची सायकलची पिशवी बसायची. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, मीटिंगसुद्धा खिडकीशी उभ्यानं. प्राचार्य एकदा चिडून म्हणाले, “सर, तुम्ही बसा हो, मला तुमच्याकडे पाहून गरगरतं.” सर म्हणाले, “मंग माह्याकडं पाहू नका ना.” बोलता बोलता त्यांचा हात टेबलावरच्या वस्तूंवर फिरत असायचा. पेपरवेट उलटा, कप उलटा, कुणाला मिळालेली ट्रॉफी उलटी. त्यांनी एखादी वस्तू सरळ ठेवलेली मी पाहिली नाही.

हे बाणाचं प्रकरण मला त्यांनीच शिकवलं. मी शिकवा म्हटलं नव्हतं. एनसीसीच्या खोलीत लोखंडी कपाटात जुन्या लष्करी रायफली होत्या, कवायतीपुरत्या. नळीला भोक पाडून निकामी केलेल्या.

“यांनी लढाया पाहिल्या मॅडम,” ते म्हणाले, “आन् आता आमच्या पोट्ट्यांचं डावं-उजवं पाहून राहिल्या.”

मग एक रायफल घेऊन नळीच्या बुडाशी बोट टेकवलं. तिथे तीन रेघांचा एक बाण होता, कावळ्याचा पाय चिखलात उमटावा तसा. सरकारी मालाची ती खूण. तोफ असो, रायफल असो, ज्याच्यावर हा बाण तो माल सरकारचा. आणि सरकारनं तो माल विकून टाकला, की त्याच बाणाच्या टोकासमोर दुसरा उलटा बाण ठोकायचा. टोकाला टोक. दोन बाण असे समोरासमोर आले की सरकारचा हक्क संपला, ज्याच्या हातात बंदूक त्याची.

“आन् हे पाहा,” म्हणत त्यांनी लाकडी दस्त्यावरची पितळी चकती स्क्रू काढून सोडवली. चकतीवर पलटणीची अक्षरं ठोकलेली होती. त्यांनी ती उलटी करून माझ्या तळहातावर ठेवली. मागच्या बाजूला अक्षरांचे बारीक उंचवटे बोटाला लागत होते. “पितळ मऊ असते. समोरून कोनी घासून टाकलं तरी ठोकल्याची खूण मागं राहते. म्हनून म्हन्तो, उलटं करून पाहा.”

हे ज्ञान कुणाच्या कामाचं, असं मला तेव्हा वाटलं होतं. पण आमच्या भागात शेतराखणीसाठी जुन्या बंदुका अजून घराघरांत आहेत. रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगायी, एका रात्रीत तूर साफ करतात. आजोबाचा परवाना नातवाच्या नावावर करायचा झाला की बंदूक तपासली जाते, तिच्यावर तो कावळ्याचा पाय सापडतो, आणि साहेब विचारतात, ही सरकारी बंदूक तुमच्या घरी कशी? मग सरांना बोलावणं येतं. अकोट, मूर्तिजापूर, पार धारणीपर्यंत लोक त्यांना गाडी पाठवून नेत. व्हॉट्सॲपवर फोटो यायचे. ते फोनच उलटा ठेवायचे. “फोटोवर मी बोलत नाई. हातात द्या.”

अकोटच्या एका बड्या घरी आजोबांची रायफल दिवाणखान्यात टांगलेली होती. आजोबांनी महायुद्धात शत्रूकडून हिसकावलेली, असा लौकिक होता. सरांनी बोल्ट काढून नंबर वाचला, बॉडीचा वाचला, नळीचा वाचला. तिन्ही निराळे. घरातले सगळे श्वास रोखून उभे.

“ही एक बंदूक नाई,” सर म्हणाले. “तीन हायेत. आजोबांनी तीन जागी शौर्य केलं असन.”

चहा न मिळता परत यावं लागलं. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. दिसलं तेवढंच बोलायचं, हा त्यांचा नियम होता. जे दिसत नाही ते ‘असेल’ म्हणायचं नाही, कुणी कितीही हात जोडले तरी.

त्या नियमाला मी पहिल्यांदा मनापासून वाईट म्हटलं ते अचलपुरात. चिखलदऱ्याचं शिबिर आटोपून आम्ही परतत होतो. विद्यार्थ्यांची गाडी पुढे गेली आणि सर म्हणाले, एका घरी पाच मिनिटांचं काम आहे, तुम्ही थांबता का? संत्र्यांच्या बागा घेणारं मुसलमान कुटुंब होतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना सगळं गाव चाचा म्हणायचं. त्यांच्या दादांची, म्हणजे आजोबांची, रायफल मुलाच्या नावावर करायची होती, आणि अर्ज साहेबांच्या टेबलावर अडला होता. चाचांनी आम्हाला बैठकीत बसवलं, शरबत आणलं. सर उभेच. बंदूक सोडवून त्यांनी प्रत्येक तुकडा उजेडात नेला, भिंगातून पाहिला, बोट फिरवलं. तासभर गेला असेल. आतल्या दाराशी घरच्या बायका उभ्या होत्या.

“एकच बान हाये,” सर म्हणाले. “समोरचा नाई. ही सरकारातून सुटलेली नाई चाचा.”

चाचांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. ते अगदी हळू म्हणाले, “सर, आपने तो हमारे दादा को चोर बना दिया.”

“मी काई बनवलं नाई. मी वाचलं. जे लिवलं नाई थे कसं वाचू?”

“ज़ंग लगा है। घिस गया होगा।”

“असन. पन दिसत नाई.”

पुढे बंदूक सरकारी मालखान्यात जमा झाली. त्या दिवशी शरबताला कुणी हात लावला नाही. परतवाड्याहून अकोल्याला जाणारी एसटी निम्मी रिकामी होती, तरी सर माझ्या बाकाशेजारी दांडा धरून उभे राहिले. मी त्यांच्याशी बोलणार नव्हते. पण मला गप्प बसता येत नाही, हा माझा दोष आहे.

“एक ‘असेल’ लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं तुमचं?” मी विचारलं.

अकोट मागे पडल्यावर ते आपणहून म्हणाले, “माह्या घरी बी एक हाये.”

मग तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. त्यांचे वडील अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये चौकीदार होते. रखवालदारांसाठी जिनिंगच्या मालकानं सरकारी विक्रीतल्या जुन्या मस्कट घेतल्या होत्या. मस्कट म्हणजे लष्करी रायफलचीच नळी रुंद करून, एका वेळी एकच काडतूस घेईल अशी केलेली. जिनिंग बंद पडलं त्या दिवशी वडील मस्कट घेऊन घरी आले. मालकानं बक्षीस दिली म्हणाले. पुढे स्वतःच्या नावावर परवानाही काढला. पण गावात बोललं जायचं की सरकीच्या ढिगात लपवून त्यांनी ती बैलगाडीतून बाहेर काढली. मालक तोवर गाव सोडून गेलेला, त्याला विचारणार कोण? वडील वारले, परवाना आईच्या नावावर झाला. तेव्हा इतकं कुणी पाहत नव्हतं.

“तुम्ही वाचली का ती?”

“नाई.”

“काहून?” माझ्या तोंडून त्यांच्याच बोलीतला शब्द निघाला.

“काम नाई पडलं,” ते म्हणाले, आणि दांड्यावरचा हात बदलला.

जिल्ह्यातली प्रत्येक बंदूक उलटी करून पाहणारा हा माणूस स्वतःच्या घरच्या बंदुकीला हात लावत नव्हता. त्यांना एका जागी बसवत का नाही, ते मला त्या बसमध्ये उमगलं, आणि माझा राग जागच्या जागी अडकून पडला. अचलपूरचं दुःख खोटं नव्हतं. हेही खोटं नव्हतं.

त्यांच्या आईला मी आधीपासून ओळखत होते. ठेंगणी, गोरीपान, तोंडानं फटकळ बाई. तरण्या वयात अकोटच्या शेतात मचाणावर बसून डुकरांवर बार काढलेली. “एक बी नाई मेलं,” त्या सांगायच्या, “पन शेजारचा सालदार भ्याला आन् लगन करून सुधरला.” घरात नाव नसलेली वस्तू त्यांना खपत नसे. ताटं, वाट्या, पातेली, पोळपाटाची पितळी कड, सगळ्यावर भांडेवाल्याकडून ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालून आणलेलं. “बिननावाचं भांडं म्हन्जे चोरीचं,” हे त्यांचं वाक्य. मुलाला हा नाद कुठून लागला ते शोधायला लांब जायला नको.

मागच्या वर्षी त्यांचे हात फार कापायला लागले आणि परवाना मुलाच्या नावावर करायची वेळ आली. आईंना धरून न्यायला सोबत कुणी बाईमाणूस हवं म्हणून मी गेले. मस्कट जुन्या सतरंजीत गुंडाळून रिक्षात सरांच्या मांडीवर. रिक्षात तरी ते बसले, उभं राहायला जागा नव्हती म्हणून. पाय मात्र सबंध रस्ताभर हलत होता.

परवान्याचं काम पाहणारे साहेब सरांना चांगलेच ओळखत. त्यांनी आईंसाठी खुर्ची मागवली, बंदूक पाहिली, नळीवर बोट टेकवलं आणि हसले.

“सर, हा तर तुमचा कावळा. आता तुमच्या घरची आहे म्हणून दुसऱ्या कुणाला बोलावू? तुम्हीच पाहा, तुम्हीच लिहून द्या. तुम्ही म्हणाल ते आम्ही धरू.”

असं म्हणून ते दुसऱ्या फायलीकडे वळले. टेबलावर बंदूक, कोरा कागद आणि सर. कुणी पाहत नव्हतं. मी सोडून.

सरांनी सतरंजी अंथरली. बोल्ट काढला. नंबर वाचला, बॉडीचा वाचला, नळीचा वाचला. तिन्ही एक. माझा जीव थोडा भांड्यात पडला. मग नळीवरचा बाण. एकच. बॉडीवरचा बाण. एकच. त्यांनी लाकूड सोडवलं, आतून पाहिलं, खिडकीपाशी नेऊन पाहिलं. शेवटी त्यांनी दस्ता फिरवला आणि ते थबकले.

दस्त्यावरची पितळी चकती लख्ख होती. तिच्यावर ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांत त्यांच्या वडिलांचं नाव होतं, आडनावासकट, खाली ‘मु. अकोट’. वाटीवर असतं तसं.

“माय,” सर म्हणाले, “हे कोनं केलं?”

“मीनं,” आई म्हणाल्या. “तुह्या बापानं बंदूक आनली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. हे चकती काढली आन् भांडेवाल्याकडं नेली.”

“याच्यावर आधी काय होतं?”

“होतं काई बाई. किडामुंगीसारखं. जिनिंगचं असन, सरकारचं असन. मी म्हटलं, माह्या घरातल्या वस्तूवर दुसऱ्याचं नाव कायले? घासून काढ म्हटलं त्याले.”

मी डोळे मिटून घेतले. जिनिंगला माल देताना सरकारी कारकून पुष्कळदा चकतीवरच विक्रीचे बाण आणि घेणाऱ्याची अक्षरं ठोकून मोकळा होई, हे सरांनीच मला सांगितलं होतं. नवऱ्याच्या इभ्रतीसाठी या बाईनं भांडेवाल्याकडून त्याची साक्षच घासून घेतली होती.

“दोन बान होते काय त्याच्यावर? टोकाले टोक?”

“होते,” आई ताबडतोब म्हणाल्या. “होते ना. दोन होते.”

“आता म्हन्ते तू. आधी किडामुंगी म्हने.”

“मंग किडामुंगी म्हन्जे बानच थे! लिव ना रे बापा. साहेब म्हनून राहिले ना, तू लिवशीन थे धरतो म्हून. लिव, होते म्हून.”

सर खोलीत फेऱ्या मारू लागले. दारापर्यंत, परत टेबलापर्यंत. साहेबांनी फायलीतून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, लिहा हो, कुणाचं काय जातंय? आणि त्याच वेळी अचलपूरच्या त्या दाराशी उभ्या असलेल्या बायका डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. सरांनी ‘होते’ लिहिलं असतं तर मी त्यांचं तोंड पुन्हा पाहिलं असतं का, मला सांगता येत नाही. नाही लिहिलं तर त्या म्हातारीकडे कसं पाहायचं, तेही कळत नव्हतं.

त्यांनी उभ्याउभ्याच कागदावर एक ओळ लिहिली. विक्रीची खूण दिसत नाही. खाली सही केली.

आईंना वाचता येत नव्हतं, पण मुलाचा चेहरा येत होता.

“चोर केलं,” त्या म्हणाल्या. “बापाले चोर केलं तू.”

सर साहेबांना म्हणाले, “बंदूक जमा करून घ्या. ही चकती तेवढी नेऊ द्या. याच्यावर आमचं नाव हाये.” साहेब मानेनंच हो म्हणाले. सरांनी दोन स्क्रू काढले, चकती सोडवली आणि न पाहता मुठीत धरली. घरापर्यंत ती मूठ उघडली नाही. मी त्या मुठीकडे पाहत होते. चकतीची मागची बाजू त्या मुठीत होती, आणि मला एवढंच कळत होतं की ठोकल्याची खूण मागं राहते, हे मला या माणसानं शिकवलं होतं.

आई त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. ताट वाढायच्या, बोलायच्या नाहीत. सर कॉलेजात आणखीच भिरभिरू लागले. तासाला वर्ग सोडून गच्चीवर जायचे. वस्तू उलट्या करणंही थांबलं, आणि गंमत म्हणजे आम्हाला त्याचीच चुटपुट लागली. प्राचार्यांनी स्वतः एकदा नवा पेपरवेट त्यांच्यासमोर सरकवला. सरांनी तो पाहिलाही नाही.

बातमी अचलपूरला पोचायला वेळ लागला नाही. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते, तर दारात चाचा. हातात संत्र्यांची पिशवी. सर दाराशी गेले आणि तिथेच खिळले.

“सुना आपने अपने वालिद की भी नहीं छोड़ी,” चाचा म्हणाले.

“कशी सोडू चाचा?”

चाचांनी त्यांचा दंड धरला, आत आणलं आणि खांद्यावर हात दाबून खुर्चीत बसवलं. “अब बैठिए। हम दोनों के घर का हिसाब एक हुआ।” स्वतः समोर बसून ते संत्रं सोलू लागले. सर बसून राहिले. मी इतकी वर्षं त्यांना ओळखते, पण बसलेले सर किती थकलेले दिसतात ते मला तेव्हा कळलं.

आत देवघरात आई होत्या. मी तिकडे गेले. देवांच्या ओळीत, अन्नपूर्णेच्या शेजारी, ती चकती उभी करून ठेवलेली होती. चिंच लावून रोज घासत असाव्यात, इतकी चकचकीत. नाव पुढे, पाठ भिंतीला. मी काही ठरवून केलं नाही. हात आपोआप गेला. मी चकती उचलली, अंगठा मागच्या बाजूला सरकू लागला.

“मॅडम.” सर दारात उभे होते. “राहू द्या. उलटं करू नका.”

त्यांच्या तोंडून हे शब्द मी कधी ऐकेन असं वाटलं नव्हतं. मी थांबले. माझी बोटं अजून शिवशिवतात, खोटं कशाला बोलू?

आईंनी माझ्या हातातून चकती घेतली. कापऱ्या हातानं पदराच्या टोकानं पुसली आणि मुलाच्या डोळ्यांसमोर धरली. इतक्या दिवसांनी त्या त्याच्याशी बोलल्या.

“तू म्हन्तो ना, दिसते तेवढंच वाचतो म्हून? मंग वाच. काय दिसते?”

सरांनी वडिलांचं नाव वाचलं. आडनावासकट, मुक्काम अकोटपर्यंत, वर्गात हजेरी घेतात तशा मोठ्या आवाजात.

“आन् दुसऱ्या कोनाचं दिसते काय याच्यावर?”

“नाई माय. दुसऱ्या कोनाचं नाई.”

“मंग झालं,” त्या म्हणाल्या. चकती जागेवर ठेवली, नाव पुढे करून. “चाल, जेवाले बस. त्या चाचाले बी बोलाव.”